पुठ्ठ्यावरचं पंचांग

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत पार्किंगला नव्या टाइल्स बसल्या, तेव्हापासून माझ्या जीपखाली एक पुठ्ठा असतो. फ्रिजच्या खोक्याचा. 'ही बाजू वर' असा बाण त्यावर अजून दिसतो. सेक्रेटरी काकांनी नोटीस वगैरे काढली नाही. लिफ्टमध्ये नुसतं म्हणाले, "टाइल्स पांढऱ्या घेतल्या, चुकलंच आपलं." ते 'आपलं' मला बरोबर लागलं.

सुरुवातीला पुठ्ठ्याचं काम फरशी वाचवण्याचं होतं. मग रोज सकाळी ऑफिसला निघताना मी वाकून तो वाचायला लागलो. लोक पंचांग बघतात तसा.

इंजिनाखालचा डाग काळाकुट्ट, कारण डिझेलच्या काजळीने नवं ऑइलसुद्धा बघता बघता काळं पडतं. त्याच्यामागे, दोन सीटांच्या साधारण खाली, ट्रान्स्फर केसचा डाग. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी ही पेटी. हा डाग तपकिरी, दाट. आणि वास! गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे नासक्या लसणासारखा दर्प येतो आणि साबणाने जात नाही. बायको जेवताना विचारते, "आज परत बोट लावून बघितलंस ना?" चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत थेंब दिसला, तर मात्र गाडी जागची हलवायची नाही. तो ब्रेकचा.

जीप 1996 ची, पण हाडं दुसऱ्या महायुद्धातली: शिडीसारखी चासी, पुढेमागे अखंड आस (अॅक्सल), खाली पाटे (लीफ स्प्रिंग). काहीही उघडायला चार पाने आणि एक हातोडी पुरते. माणसाला हौस सुचते ती यामुळेच.

मागच्या आसाखालचा पुठ्ठा दोन वर्षं कोरडा होता. तिथला डाग मी आणला. ट्रेलवर जायचं म्हणून गाडी उचलायचं ठरवलं. पाट्याच्या टोकाला, त्याला चासीशी जोडणारा शॅकल असतो; तो दोन इंच लांब घातला की गाडी जेमतेम इंचभर वर येते. वर 31 इंची टायर. गाडी अशी काही दिसायला लागली की मी खिडकीतून तिच्याकडे उगाच बघत उभा राहायचो. पण शॅकल लांब झाला की आस जागच्या जागी थोडा फिरतो, पिनियनचं, म्हणजे आसात शिरणाऱ्या गिअरचं, तोंड बदलतं आणि ताकद मागे नेणारा शाफ्ट वाकड्या कोनात फिरायला लागतो. घोडबंदर रोडवर काटा पन्नासला टेकला की सीटखाली मिक्सर सुरू. तो पन्नासही खोटाच, टायर मोठे झाल्यावर काटा मागे राहतो. कळव्याच्या चाचांनी गाडीखाली सरकून शाफ्ट हाताने हलवला. "क्रॉस गेला, सील पण गेलं," ते आतूनच म्हणाले. क्रॉस म्हणजे शाफ्टचा सांधा, सील म्हणजे आसातलं तेल अडवणारं रबर. "साहेब, गाडी उंच पाहिजे की चालायला पाहिजे?"

मला दोन्ही पाहिजे होतं. म्हणून नवीन क्रॉस टाकून जुलैत मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडे गेलो. डांबरी रस्ता सोडल्यावर पावसात उतरायचं, पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी म्हणून त्यांचे हब हाताने फिरवून लॉक करायचे, आत येऊन ट्रान्स्फर केसचा छोटा लिव्हर मागे ओढायचा. त्या 'लो'मध्ये, म्हणजे वेग कमी, जोर जास्त, पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या चालीने चालते. अॅक्सिलरेटरवर पाय लागत नाही, चिखलात एक एक चाक टेकत, विचार करत गेल्यासारखी जाते. एक म्हैस आम्हाला डावीकडून ओव्हरटेक करून गेली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला काही कमी वाटलं नाही. मित्राची जिप्सी हलकी, ती पुढे जाऊन वाट बघत होती. मग ओढा आला आणि मी थेट गाडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर चहा सांडला होता. दुधाचा. दोन-अडीच तास धावून तापलेला आस एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून, ब्रीदरमधून (आसाला श्वास घ्यायला ठेवलेल्या भोकातून) पाणी आत ओढून घेते. तेल-पाणी घुसळलं की असा रंग. आता ब्रीदरला नळी लावून ती वर बॉडीला बांधली आहे, आणि पाण्याआधी पंधरा मिनिटं थांबतो. आस निवायला म्हणून. भजी त्या निमित्ताने होतात.

पुढे पासिंग आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, पर्यावरण कर भरायचा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. शॅकल उतरले, टायर उतरले. ते टायर गॅलरीत आहेत, विकायचेत असं मी चार वर्षं म्हणतोय. पण मागचा डाग त्यानंतर वाढायचा थांबला. कायद्याने गळती थांबल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण.

परवा समोरच्या ब्लॉकमधला मुलगा धावत आला. नवी कोरी गाडी, जेमतेम महिन्याची. "काका, गाडीखाली काहीतरी गळतंय!" मी गेलो, गुडघ्यावर बसलो, बोट लावलं, वास घेतला. वास नाहीच. बोटं घासली, चिकटपणा नाही.

"एसीचं पाणी आहे रे."

तो सुटकेचा श्वास टाकून निघून गेला. मी सवयीने बोट पँटला पुसलं. मग उगाच एकदा वाकून आणखी मागे, आसापर्यंत, बघून घेतलं. काहीच नव्हतं.