बॅकअपच्या जागेचं गणित: ४१ प्रती, १.१६ टीबी आणि साताऱ्याची डिस्क

सहा आठवडे रोज मोजमाप केलं आणि आकडा हाती आला. माझ्या पाच व्हीएमचे (एकाच मशीनवर चालणाऱ्या आभासी संगणकांचे) बॅकअप पाच वर्षं सांभाळायचे तर साधारण १.१६ टीबी लागतील. सुरुवातीला कागदावर सरळ गुणाकार केला तेव्हा हाच हिशेब साडेदहा टीबीच्या वर गेला होता, आणि त्या भरवशावर मी मोठ्या डिस्कांच्या किमती काढत बसलो होतो.

पाच वर्षं कशासाठी, ते आधी सांगतो. आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. खालच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट पूर्ण बुडालं. त्यात खरेदीखतं, फेरफार आणि आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही होती. पानं एकेक करून सोडवली, पंख्याखाली वाळवली, सगळी स्कॅन करून पेपरलेसच्या (कागदपत्रं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) व्हीएममध्ये ठेवली. गेल्या दिवाळीत वहीतली एक नोंद बघायला गेलो तर वहीच नाही. शोधता शोधता कळलं की टॅग साफ करताना तो गठ्ठा माझ्या हातून डिलीट झाला होता, आणि त्याला अकरा महिने होऊन गेले होते. बॅकअप रोज होत होता, पण मी सहाच महिन्यांचे ठेवत होतो. म्हणजे प्रत्येक बॅकअप ठणठणीत, आणि एकातही वही नाही. ती पुन्हा स्कॅनरवर घेतली तेव्हा दोन पानं उचलतानाच चुरा झाली. ती गेली ती गेलीच.

म्हणून आता ७ दैनिक, ५ साप्ताहिक, २४ मासिक आणि ५ वार्षिक अशा ४१ प्रती. चूक लक्षात यायला मला अकरा महिने लागले, तर त्याच्या दुपटीहून कमी मासिक प्रती ठेवायच्या नाहीत, एवढं पक्कं केलं.

आता जागा. पाच व्हीएमच्या डिस्क मिळून कागदावर ७०० जीबी, प्रत्यक्ष वापरात २६०. २६० गुणिले ४१ केलं की ते साडेदहा टीबी येतात. पण मी वापरतो तो प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर (बॅकअप सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक वेळी अख्खी डिस्क लिहीत नाही. व्हीएमच्या डिस्कचे तो ४ एमबीचे ठरावीक तुकडे करतो, प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढतो आणि जो तुकडा आधीच डेटास्टोअरमध्ये (बॅकअपच्या साठ्यात) आहे तो पुन्हा ठेवत नाही. पहिल्या पूर्ण बॅकअपने दाबून-दुबून २१४ जीबी घेतले. त्यात फोटोच जास्त, ते आणखी दबत नाहीत. यापुढे व्हीएम केवढं आहे याला फारसं महत्त्व राहत नाही. रोज किती तुकडे बदलतात, सगळं त्यावर चालतं.

पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ११ जीबी नवे पडत होते. घरगुती वापराला हे फारच झालं. एकेक व्हीएमचा बॅकअप वेगळा घेऊन पाहिलं तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. पहिली, रात्री दोनला निघणारा डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची एक फाइल. तो जीझिपने दाबून नव्या नावाने पडायचा, त्यामुळे रोज सगळाच नवा. नुसतं जीझिप काढूनही भागत नाही, कारण फाइल डिस्कवर दर वेळी वेगळ्या जागी उतरते आणि ठरावीक मापाच्या तुकड्यांना ती परत अनोळखी वाटते. मी डंपसाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क दिली, तिच्यावरची बॅकअपची खूण काढली, आणि डंप न दाबता बॅकअप क्लायंटने फाइल म्हणून पाठवायला लागलो. फाइलींसाठी तुकड्यांचं माप मजकुराप्रमाणे बदलतं, त्यामुळे तिथे जुना भाग बरोबर ओळखला जातो. दुसरी, स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा. तीही बॅकअप नसलेल्या डिस्कवर हलवली. तिसरी, कंटेनरचे (व्हीएमच्या आत वेगवेगळ्या डब्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांचे) लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली. इथे ४ एमबीचं माप अंगावर येतं: ४ केबी इकडे, ४ केबी तिकडे असं लिहिलं गेलं तरी प्रत्येक ठिकाणी अख्खा तुकडा नवा धरला जातो, म्हणजे १०२४ पट. लॉग आता मेमरीत राहतात आणि हवे तेवढेच उतरतात. शिवाय डिस्कार्ड चालू करून प्रत्येक व्हीएममध्ये एफएसट्रिम लावलं, म्हणजे मोकळी झालेली जागा डिस्कला कळवली जाते, नाहीतर डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतात.

पुढचे पाच आठवडे सरासरी ३ जीबीवर स्थिरावली.

मासिक प्रतीला ३ गुणिले ३० असं करू नका. त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा लिहिल्या जातात, मधले बदल महिन्याअखेर उरत नाहीत. मी चाचणीसाठी वेगळा डेटास्टोअर केला आणि त्यात महिन्याच्या अंतराने दोनच बॅकअप घेतले. दुसऱ्याने २२ जीबी वाढवले, ९० नाही. तसंच आठवड्याचं ९ आलं. मग हिशेब असा: पाया २१४, दैनिक २१, साप्ताहिक ४५, मासिक ५२८, वार्षिक ३५०. एकूण ११५८ जीबी. नवे फोटो यातच धरले आहेत. वर्षाला ७० हा मात्र अंदाज आहे, तो तपासायला वर्ष जावं लागेल. झेडएफएस (डिस्कवरची फाइल-व्यवस्था) ८० टक्क्यांच्या वर भरू द्यायचं नाही म्हटल्यावर दीड टीबी तरी हवेच. मी ४ टीबीच्या दोन डिस्कांचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) घेतोय. ४ टीबी म्हणजे सिस्टिम दाखवते ते ३.६४, हे धरूनच. दोन्ही सीएमआर, म्हणजे ओळीवर ओळ न चढवता लिहिणाऱ्या. ओळी एकमेकींवर चढवणारी एसएमआर डिस्क घेतली तर, डिस्क बदलायची वेळ आली की मिरर पुन्हा भरताना ती फार रखडते.

आणि प्रून केल्यावर, म्हणजे जुन्या प्रती छाटल्यावर, जागा लगेच मोकळी होत नाही. प्रून फक्त यादीतून नाव काढतो, तुकडे गार्बेज कलेक्शन उचलतं, तेही शेवटच्या वापराला २४ तास ५ मिनिटं उलटल्यावर. डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबलात तर हाच एक दिवस अंगाशी येतो.

मिरर माळ्यावर ठेवला तरी पूर आला की वीज बंद, नेट बंद, आणि आम्ही घर सोडून निघालेलो. म्हणून दुसरी प्रत साताऱ्याला, ताईकडे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर कृष्णेचं पाणी पोचत नाही. तोवर साठलेले सुमारे ४०० जीबी माझ्या २० एमबीपीएस अपलोडने पाठवायला ४४ तास लागले असते, तेही लाइन एकदाही न तुटता. त्यापेक्षा डिस्क टॉवेलात गुंडाळून स्वारगेटच्या एसटीत मांडीवर घेतली आणि साताऱ्याला उतरलो. आता वायरगार्डमधून (दोन घरांमधल्या सुरक्षित जोडणीतून) रोजचे ३ जीबी वीस मिनिटांत जातात.

ताईने छोटा पीसी टीव्हीच्या कपाटात ठेवायला जागा दिली आणि पहिलं विचारलं, "वीज किती खाईल रे हा?"

"तुझ्या पंख्याहून कमी, ताई. आणि हे पाकीट पासबुकांच्या डब्यात ठेव."

पाकिटात एनक्रिप्शनची किल्ली कागदावर छापून दिली आहे. बॅकअप एनक्रिप्टेड आहेत. सांगलीचं मशीन बुडालं आणि किल्ली त्यातच राहिली, तर साताऱ्याच्या डिस्कवरचं एक अक्षरही वाचता येणार नाही.

निघण्याआधी त्याच कागदावरची किल्ली वापरून पेपरलेसचं व्हीएम तिथल्या तिथे रिस्टोअर केलं. ३५ मिनिटं लागली. ताईच्या टीव्हीवर वहीचं पान उघडलं: डाव्या कडेला पाण्याची तपकिरी रेघ, तिच्या वर आजोबांचं वळणदार "श्री", खाली गुळाच्या पट्टीचा हिशेब. ताई उठून टीव्हीजवळ गेली आणि एकेक रक्कम मोठ्याने वाचू लागली.

मिररची दुसरी डिस्क पुढच्या आठवड्यात येते. त्यानंतर महिन्यातून एकदा व्हेरिफाय, म्हणजे प्रती शाबूत आहेत का ते तपासणं, दोन्हीकडे. वार्षिक प्रतीचा खरा आकडा दिवाळीनंतर मोजेन.