अर्ध्या थ्रॉटलची काळजी: टोयोटाच्या २.७ इंजिनावर सुपरचार्जर

अमेरिकेत १९९६ ते २००० या वर्षांतली टोयोटाची फोर-रनर दोन इंजिनांत मिळायची. त्यातलं लहान ते ३आरझेड-एफई: चार सिलिंडर, बोअर ९५ मिमी, स्ट्रोकही ९५ मिमी, कॉम्प्रेशन ९.५:१, टायमिंग चेन, लोखंडी ब्लॉक. ताकद १५० एचपी आणि टॉर्क २४० एनएम. दीड टनाहून जड फोर बाय फोर गाडीला चढावर हे कमी पडतं, म्हणून टीआरडीने, म्हणजे टोयोटाच्या रेसिंग विभागाने, याच इंजिनासाठी ईटन कंपनीच्या एम६२ जातीच्या ब्लोअरचा (इंजिनाच्या बेल्टवर फिरून आत जास्त हवा ढकलणाऱ्या सुपरचार्जरचा) किट विकला. आज हे किट जुन्या बाजारात मिळतात, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते. ब्लोअर बसवायला एक शनिवार-रविवार पुरतो. पण पिस्टन जातो तो ब्लोअरच्या चुकीने जात नाही, इंधन आणि स्पार्कच्या चुकीने जातो. तोही बहुतेक वेळा फुल थ्रॉटलवर नव्हे, तर चौथ्या गिअरमध्ये अर्धा पाय दाबून घाट चढताना.

आपल्याकडच्या फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टाच्या पेट्रोल गाड्यांतलं २टीआर-एफई याच घराण्यातलं पुढचं इंजिन आहे, बोअर-स्ट्रोक तेच. त्यामुळे खालचे हिशेब तिथेही ढोबळ मानाने लागू पडतात. मात्र भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केला तर आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे अडचण. कॅलिफोर्नियातही किटला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. जुना किट घेताना त्या क्रमांकाचं स्टिकर आहे का, हे आधी पाहा.

आधी इंजिन बूस्ट (वातावरणाहून जास्त असलेला हवेचा दाब) सोसेल का ते तपासा. गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन टेस्ट करा. चार सिलिंडरांतला फरक १ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या आत हवा. फरक जास्त असेल तर लीकडाउन टेस्ट करून हवा रिंगमधून जाते की व्हॉल्व्हमधून, ते शोधा. मग टॅपेट. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, गॅप ठरवणाऱ्या चकत्या, म्हणजे शिम आहेत. थंड इंजिनावर इनटेकचा गॅप ०.१५ ते ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टचा ०.२५ ते ०.३५ मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो तसा गॅप वाढत नाही, कमी होतो, म्हणून टॅपेटचा आवाज येत नाही आणि लोक गाफील राहतात. व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही. बूस्टखाली असा व्हॉल्व्ह लवकर जळतो. एक्झॉस्टचे गॅप ०.३५ च्या बाजूला ठेवणं केव्हाही बरं.

आता बूस्ट किती येणार, याचा हिशेब. एम६२ एका फेऱ्यात ६२ घन इंच, म्हणजे साधारण १.०२ लिटर हवा ढकलतो. २.७ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात १.३५ लिटर ओढतं. क्रँकची पुली १५० मिमी आणि ब्लोअरची ८० मिमी धरली, तर गुणोत्तर १.८७५. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यामागे ब्लोअर १.९१ लिटर देतो. १.९१ भागिले १.३५, उत्तर १.४१. समुद्रसपाटीला हा साधारण ६ पीएसआय बूस्ट झाला. प्रत्यक्षात गळतीने थोडा कमी आणि गरम हवेच्या फुगण्याने थोडा जास्त होतो, पण अंदाज बरोबर बसतो. ५,००० आरपीएमला ब्लोअर ९,३७५ फेऱ्यांनी फिरेल, म्हणजे निवांत. लहान पुली लावून बूस्ट वाढवायचा मोह इथेच होतो. तो टाळा, कारण उष्णता.

एम६२ रूट्स जातीचा आहे. तो हवा आत दाबत नाही, पुढे ढकलतो. दाब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडात) तयार होतो आणि त्या झटापटीत हवा तापते. बाहेर ४० अंश सेल्सिअस असेल तर ६ पीएसआयला ब्लोअरमधून निघणारी हवा ९५ अंशांच्या आसपास असते. किटमध्ये ती थंड करणारा इंटरकूलर नाही. म्हणजे ती हवा तशीच सिलिंडरमध्ये जाणार, तिथे ९.५:१ ने आणखी दाबली जाणार, आणि ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटायला बघणार. हेच नॉकिंग. ८ पीएसआयला बळ थोडं वाढतं, नॉकिंग त्याहून पटीने. इंटरकूलरशिवाय या इंजिनावर ६ च्या वर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बसवताना

किटच्या मॅनिफोल्डचं गास्केट नवंच घ्या. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. दोन्ही पृष्ठभागांवर सरळ पट्टी धरून फिलर गेज घालून बघा. वाकलेला मॅनिफोल्ड व्हॅक्यूमवर थोडा फुसफुसतो, पण बूस्टवर शिट्टी मारतो.

ब्लोअर बाकावर असतानाच दोन गोष्टी बघा. पुली हाताने फिरवून सोडा. आत खडखड जाणवली तर पुढच्या नाकाडातला प्लॅस्टिकचा कपलर झिजलाय. आयडलिंगला डिझेलसारखा टकटक आवाज येतो तो त्याचाच. कपलर स्वस्त आहे, आत्ताच बदला. दुसरं म्हणजे गिअरचं ऑइल. ते इंजिन ऑइलपासून वेगळं असतं. ब्लोअर आडवा, सपाट ठेवून प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत सुपरचार्जरचंच ऑइल भरा. जास्त भरलं तर सील ढकलून रोटरमध्ये येतं.

बायपास व्हॉल्व्ह ही या किटची नाडी. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असतो, त्यामुळे हलक्या पायावर रोटरच्या पुढे-मागे व्हॅक्यूमच असतो. त्या व्हॅक्यूमने बायपास उघडतो, हवा रोटरला वळसा घालून जाते, आणि ब्लोअर फुकट तापत नाही. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटर ओढून बघा. काटा जागेवर टिकला पाहिजे आणि दांडा पूर्ण सरकला पाहिजे. बायपास उघडा अडकला तर बूस्ट येतच नाही, हे लगेच कळतं. बंद अडकला तर बूस्ट नीट येतो, पण गाडी रमतगमत चालवतानाही मॅनिफोल्ड तापत राहतो, मायलेज पडतं, आणि मग चढाला नॉकिंग सुरू होतं. हा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

बेल्ट. ६ पीएसआयला ब्लोअर स्वतः १५ ते २० एचपी खातो, आणि ते सगळे सहा रिबांच्या बेल्टवरून जातात. सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टीने बघा. १ मिमीचा तिरपेपणाही बेल्टच्या कडा खातो. ब्लोअरच्या पुलीभोवती बेल्टचा वेढा निम्म्या परिघाच्या आसपास हवा; कमी असेल तर आयडलर पुली हलवा. बेल्ट घसरला की वरच्या आरपीएमला बूस्ट चढायच्या ऐवजी उतरतो आणि पुलीभोवती काळी पूड दिसते.

आता नळ्या, आणि इथे घाई नको. पूर्वी ज्या नळीत फक्त व्हॅक्यूम असायचा, तिच्यात आता दाब येणार. ब्रेक बूस्टरचा चेक व्हॉल्व्ह फुंकून तपासा, तो उलटा गळत असेल तर बदला. चारकोल कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याच्या) पर्ज लाइनमध्ये चेक व्हॉल्व्ह घाला, नाहीतर बूस्ट पेट्रोलच्या टाकीकडे जातो. क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह सर्वात महत्त्वाचा. तो गळका असेल तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक वर उडते, मागचं सील ऑइल सोडतं. आणि बूस्ट नसताना तोच पीसीव्ही ऑइलची वाफ इनटेकमध्ये ओढतो. ऑइल मिसळलेलं पेट्रोल लवकर पेटतं, त्याचा ऑक्टेन पडतो. म्हणून पीसीव्ही नवा, त्याच्यापुढे चेक व्हॉल्व्ह, आणि मध्ये ऑइल अडवणारा, आत जाळी असलेला डबा, म्हणजे कॅच कॅन. सगळं जोडल्यावर इनटेकचं तोंड बंद करून ५ पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा.

प्लग एक पायरी थंड: डेन्सोच्या आकड्यात १६ च्या जागी २०, एनजीकेमध्ये ५ च्या जागी ६. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप मोठा राहिला तर ४,००० च्या वर मिसफायर होतो, आणि लोक तो इंधनाचा दोष समजून मिश्रण आणखी रिच (जास्त पेट्रोलचं) करत बसतात.

इंधन

चांगल्या ट्यूनिंगनंतर क्रँकवर १९० ते २०० एचपी मिळतील, हिशेब २१० चा धरा. बूस्टवर एका एचपीला तासाला ०.६ पौंड पेट्रोल धरायचं, म्हणजे १२६ पौंड. चार इंजेक्टरांत वाटून ८५ टक्के ड्यूटीवर (इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडा) प्रत्येकी ३७ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण ३९० सीसी. मूळ १५० एचपीला ०.५ च्या दराने २३० सीसीच्या आसपास भागतं. हा फरक पंपाचा दाब वाढवून भरून निघत नाही, इंजेक्टरच बदलावे लागतात. नवे इंजेक्टर चारही एका सेटचे, फ्लो तपासलेले घ्या आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला त्यांचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) किती, हा तक्ता विक्रेत्याकडून मागून घ्या. तक्ता नसेल तर आयडलिंग कधीच नीट बसत नाही.

पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरची नळी ब्लोअरच्या पुढे, मॅनिफोल्डलाच जोडा. ती वातावरणाला उघडी राहिली तर ३ बारच्या दाबातून बूस्टचे ०.४ बार वजा होतात आणि नेमकं गरजेच्या वेळी इंजेक्टर ७ टक्के कमी पेट्रोल देतो. पंपाला ताशी ७७ लिटर खरोखर लागतात. जुना पंप दाबाखाली तेवढे देतो का, ते मापून बघा. १९० लिटरचा टाकीतला पंप लावला तर चिंता मिटते.

आता अर्धा थ्रॉटल. मूळ ईसीयू (इंजिनाचा संगणक) मध्यम पायावर ऑक्सिजन सेन्सर ऐकत बंद लूपमध्ये राहतो आणि मिश्रण लॅम्डा १.० ला, म्हणजे हवा-पेट्रोलच्या संतुलित प्रमाणाला, आणत राहतो. बिनब्लोअर इंजिनात त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणून ते चालतं. ब्लोअर लावल्यावर २,५०० आरपीएमला निम्म्या थ्रॉटलवरच २-३ पीएसआय येतात. गरम हवा, लॅम्डा १.०, भरपूर स्पार्क ॲडव्हान्स आणि लांब चढ. फुल थ्रॉटलच्या डायनो (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) शीटवर यातलं काहीच दिसत नाही. पिगीबॅक (मूळ ईसीयूचे संकेत बदलणारी जोडपेटी) लावून इंधन वाढवलं, तर बंद लूप ते हळूहळू कापून टाकतो. म्हणून स्वतंत्र ईसीयू घ्यावा, हा माझा सल्ला. त्यात २ बार ॲब्सोल्यूटचा मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर पुरेसा आहे. बंद लूप थ्रॉटलच्या टक्क्यावर नव्हे, मॅनिफोल्डच्या दाबावर सोडायला सांगा: ८५ किलोपास्कलच्या वर (समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १०० असतो) बंद लूप नाही.

लक्ष्य लॅम्डामध्येच लिहा. अमेरिकेतल्या पंपावरच्या ई१० चं (१० टक्के इथेनॉल) संतुलित गुणोत्तर १४.१ आहे, आपल्याकडच्या ई२० चं १३.५. मीटरवर निव्वळ पेट्रोलचा १४.७ धरून बसलात तर आकडे फसवतात. ८५ किलोपास्कलपर्यंत १.०, १०० ला ०.९०, आणि १२० च्या वर ०.८० ते ०.८२. वाइडबँड सेन्सरच्या (लॅम्डा मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी एक्झॉस्ट गळत असेल तर मीटर खोटा लीन (पेट्रोल कमी) दाखवतो, म्हणून मॅनिफोल्डचे नट आधी आवळा.

स्पार्क: बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला १ अंश मागे, म्हणजे पूर्ण बूस्टला ६ अंश. तिथून एकेक अंश वाढवत जा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा. नॉक आधी आला तर त्याच्या २ अंश मागे. ९५ मिमी बोअरला नॉकचा सूर साधारण ६ किलोहर्ट्झवर असतो, पण रोटर-गिअरचा आवाजही सेन्सरला फसवतो. त्यामुळे ब्लॉकला मायक्रोफोन लावून हेडफोनवर ऐका. डायनोवर एकेका आरपीएमला ब्रेक लावून धरा: २,०००, २,५००, ३,०००. प्रत्येक ठिकाणी ९०, १००, ११०, १२० किलोपास्कल. कंटाळवाणं काम आहे, पण आरपीएम आणि दाबाच्या ट्यूनिंग तक्त्यातल्या याच चौकोनांत इंजिन जगतं. फुल थ्रॉटलची ओढ शेवटी, तीन-चारदा, मध्ये इंजिन निवू देऊन.

पेट्रोल अमेरिकेतलं ९१ च भरा. ऑक्टेन मोजायची पद्धत वेगळी असल्याने तिथला ९१ हा आपल्या ९५-९६ आरओएनच्या बरोबरीचा असतो. ९१ आरओएन आणि तो एक नव्हेत. डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीच्या गावात ट्यून केलं तर गेजवर ६ च्या जागी ५ पीएसआयच दिसतील. तीच गाडी समुद्रकाठी उतरली की मॅनिफोल्डचा दाब कधीच न तपासलेल्या चौकोनांत जातो. ते चौकोन आधीच रिच आणि स्पार्कला मागे ठेवून भरून ठेवा.

पहिल्या ८०० किलोमीटरनंतर बेल्टचा ताण आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा बघा, कॅच कॅन रिकामा करा. लांब चढ संपताच इंजिन बंद करून, निवल्यावर चारही प्लग काढा. पोर्सिलेनवर मिरपुडीएवढे काळे किंवा चकाकते ठिपके दिसले तर ती नॉकची खूण आहे, ॲल्युमिनियम पिस्टनवरून उडालंय. अशा वेळी १०० ते १२० किलोपास्कलच्या रांगांतून २ अंश स्पार्क काढा आणि तोच चढ पुन्हा चढा.