दुधाचा हिशोब आणि मंगळ

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळा साफ होतो, म्हणजे बायको करते आणि मी स्टुलावर उभा राहून एकेक वस्तू खाली देतो आणि दरवेळी "हे राहू दे ना" म्हणतो. यंदा अगदी कोपऱ्यातून बाबांची पत्र्याची पेटी निघाली, कडी गंजलेली, वरचं नाव अर्धं पुसलेलं. आत काय असेल तर चार लांब वह्या, दोनशे पानी, आणि त्यात माझी कादंबरी. सायन्स फिक्शन. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. कादंबरीचं नाव सांगत नाही, लाज वाटते.

साल १९९२. त्याच वर्षी आपल्याकडे नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रामन सायन्स सेंटर उघडलं होतं आणि मी तिथून जो काही भारावून आलो की दुसऱ्या दिवशी वही विकत घेतली. कादंबरी घडते २०२० च्या नागपुरात. वर्धा रोडवरून उडत्या गाड्या जाऊन राहिल्या आहेत, झिरो माइलवर रॉकेटचा तळ, आणि कॅप्टन मंगळावर पोचतो चार दिवसांत. सात महिने लागतात बाप्पा! पण कॅप्टनला घाई होती आणि मला बारावी होती. गंमत म्हणजे वर्धा रोडवर खाली रस्ता, त्याच्यावर फ्लायओव्हर आणि त्याच्याही वर मेट्रो, सगळं एकाच खांबावर उभं, हे जे खरंच झालं ते मला सुचलंच नाही. आता रोज त्याच्याखालून स्कूटर घेऊन जातो तेव्हा जरा अपमान झाल्यासारखं वाटतं.

तर पेटी खाली आली आणि बायको म्हणाली, कबाडीवाला उद्या येणार आहे, देऊन टाकायचं का. वाजवी प्रश्न आहे. आणि मी नेमका त्याच आठवड्यात ऑक्टेव्हिया बटलरबद्दल वाचून राहिलो होतो, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला आणि पेटी सोफ्याच्या बाजूला आठ दिवस पडून राहिली.

ही बटलरबाई अमेरिकेतली सायन्स फिक्शन लेखिका, जन्म १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा. आई लोकांच्या घरी कामाला जायची आणि त्या घरांतून टाकून दिलेली पुस्तकं, मासिकं पोरीसाठी घेऊन यायची. म्हणजे रद्दीच. आपल्याकडे जे कबाडीवाल्याच्या काट्यावर गेलं असतं त्याच्यावर ही बाई वाढली. दहा वर्षांची असताना तिने टाइपरायटरचा हट्ट धरला आणि आईने तो घेऊनही दिला, कामवाल्या बाईच्या पगारात टाइपरायटर म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढे तिने कायकाय नोकऱ्या केल्या, फोनवरून वस्तू विकल्या, भांडी घासली, बटाटा चिप्सच्या कारखान्यात चिप्स तपासल्या (ही नोकरी मला हवी होती, खरं सांगतो), आणि पहाटे दोनला उठून लिहायची. पहिली कादंबरी आली १९७६ मध्ये. १९९५ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे तिकडची मोठी मानाची शिष्यवृत्ती, मिळाली, ती मिळवणारी ती पहिलीच सायन्स फिक्शनवाली. २००६ मध्ये गेली, जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची.

पण मला धरून ठेवलं ते तिच्या कागदांनी. तिने काही म्हणता काही फेकलं नव्हतं. तिचे कागद २००८ मध्ये हंटिंग्टन लायब्ररीत पोचले, तिच्याच गावाच्या बाजूला, जिथे गुटेनबर्गचं बायबल ठेवलेलं आहे तिथे, आणि त्यांची यादी करायलाच त्या लोकांना काही वर्षं लागली. आठ हजारांहून जास्त नग, साडेतीनशेच्या वर डबे. त्यात कादंबऱ्यांचे खर्डे तर आहेतच, पण किराण्याच्या याद्या आहेत, बसचे पास आहेत, आणि स्वतःलाच दटावून लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. १९८८ च्या एका वहीवर तिने लिहून ठेवलंय की माझी पुस्तकं बेस्टसेलरच्या यादीत जाणार, आणि खाली जवळपास ऑर्डरच सोडली आहे की हे होणारच, बघून घे. तेव्हा असं काही होण्याचं चिन्ह नव्हतं. तिची १९९३ ची एक कादंबरी, जी २०२४ सालात सुरू होते, ती न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत गेली २०२० मध्ये, बाई जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. आणि २०२१ मध्ये मंगळावर नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर उतरला ना, त्या जागेला तिचं नाव दिलं. माझ्या कॅप्टनने उतरायच्या जागेला स्वतःचंच नाव दिलं होतं, वही दुसरी, पान चाळीस.

आणखी एक गोष्ट आहे त्या डब्यांत. त्याच २०२४ वाल्या कादंबरीच्या पुढचा तिसरा भाग तिला लिहायचा होता आणि तो काही होईना. सुरुवात करायची, काही पानं लिहायची, सोडून द्यायची, परत सुरुवात. अशा कितीतरी सुरुवाती तिथे फायलींत लावून ठेवल्या आहेत आणि लोक लांबून येऊन त्या वाचतात. छापलेलं पुस्तक तर कुठेही मिळतं, त्यासाठी कोण एवढ्या लांब जातं. अडलेली बाई बघायला जातात.

आपल्याकडे याच्या उलटा किस्सा आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे ज. वि. ना. ची अद्याक्षरं उलटी करून. नावाला बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. बरं तेवढ्यावर थांबले नाहीत, हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून कथा मंगलाताईंच्या अक्षरात लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं हे सगळ्यांना माहीतच आहे. मला मात्र त्या कागदाचं कुतूहल आहे. मराठीतल्या एवढ्या मोठ्या विज्ञानकथाकाराची पहिली कथा, आणि अक्षर बायकोचं, नाव तिसऱ्याचं! एखादा अभ्यासक नुसता तो कागद बघून काय अंदाज बांधेल, बिचारा जगतापांचं गाव शोधत बसेल.

आता मी कॉम्प्युटरवर लिहितो. खोडलेलं दिसतच नाही. सकाळी कॅप्टन मेला, संध्याकाळी जिवंत केला, सेव्ह केलं, संपलं, मधे काय झालं कोणाला कळणार नाही. वहीत मात्र दिसतं की मी कॅप्टनच्या बायकोचं नाव तीनदा बदललं आहे आणि तिसऱ्यांदा इतकं घट्ट गिरवून खोडलंय की पान फाटलं. ते नाव क्लासमधल्या एका मुलीचं होतं. पुढे जाऊ या.

आर्काइव्हवाले म्हणे पहिले टाचण्या आणि क्लिपा काढतात, गंज लागून कागद जातो म्हणून, आणि मग ॲसिड नसलेल्या फोल्डरमध्ये घालतात, आणि मुख्य म्हणजे लिहिणाऱ्याने ज्या क्रमाने ठेवलं तो क्रम शक्यतो मोडत नाहीत. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली मग तू तुझ्या टेबलाला आर्काइव्हच म्हणत जा. नागपूरच्या हवेत कागद टिकवणं सोपं नाही हेही खरं, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेलं की पापडासारखा होतो, जुलैत दमट हवेत सादळतो, आणि मग कसर लागते. माझ्या पहिल्या वहीची कड तिने अशी खाल्ली आहे जशी कोणी नक्षी काढली. कादंबरी तिच्या तरी पचनी पडली.

तर आठव्या दिवशी ठरवलं की वह्या नीट चाळायच्या आणि द्यायच्या. तिसऱ्या वहीत मंगळावर वादळ सुरू आहे आणि तिथेच मी लिहिणं सोडलं होतं, पुढची पानं कोरी. चौथी वही उघडली तर पहिली दोन पानं माझी, त्यानंतर आईचं अक्षर.

आईने माझ्या वहीत दुधाचा हिशोब लिहिला होता. कोरी वही वाया जाते म्हणून. 'ऑगस्ट ९२' असं वर लिहिलंय, खाली रेघा मारून एकतीस चौकोन, दूध आलं की बरोबरची खूण, नाही आलं तिथे 'ना', म्हणजे नागा. महिन्याच्या शेवटी दोन नागे सलग आहेत, ते पोळ्याचे आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याचे, मारबतीची मिरवणूक बघायला गवळीसुद्धा जात असेल. त्याआधी सुटे दोन. एकूण चार. रोज एक लिटर, भाव आठ रुपये. मी आपला मनातल्या मनात हिशोब केला, सत्तावीस दिवस, दोनशे सोळा. आईने खाली लिहिलेत दोनशे आठ.

परत मोजलं. दोनशे सोळाच येतात. आई हिशोबात कधी चुकायची नाही, पालेभाजीवालीकडून आठ आणे परत घ्यायला कोपऱ्यापर्यंत जायची ती बाई. मग एका चौकोनाकडे लक्ष गेलं, तेवीस तारखेचा, तिथे खूण आहे पण तिच्यावर बारीक आडवी रेघ मारलेली.

बाबांना विचारलं. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. त्यांनी चष्मा लावला, पान लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "त्या दिवशी दूध फाटलं असंल. तुही आई फाटलेल्या दुधाचे पैसे देत नव्हती."

कबाडीवाला येऊन गेला. तीन वह्या दिल्या, बाकी पेपरच्या रद्दीबरोबर एकाच काट्यात.