टर्मिनल गप्प, ई-मेल बेपत्ता

रोज रात्री होणाऱ्या बॅकअपचा अहवाल ई-मेलने मिळावा, म्हणून मी लिनक्सवरील 'मेल' ही कमांड स्क्रिप्टमध्ये वापरली होती. कमांड कोणतीही त्रुटी न दाखवता संपत असे, पण अहवाल मात्र कधीच येत नसे. ही कमांड स्वतः काही पाठवत नाही, तर मजकूर 'पोस्टफिक्स' या ई-मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करून मोकळी होते, हे मला उशिरा उमगले. 'मेलक्यू' चालवल्यावर अहवाल रांगेत अडकलेले दिसले आणि पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना ई-मेल देतात त्या क्रमांकाच्या वाटेवर) जोडणी होण्यापूर्वीच मुदत संपल्याची नोंद प्रत्येकाखाली होती. पोस्टफिक्स सहसा पाच दिवस प्रयत्न करून नाद सोडतो. त्याचे परतीचे निरोप त्याच संगणकावरील, मी कधीही न उघडलेल्या टपालपेटीत साचले होते.

स्पॅमला आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट सेवादाते बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद ठेवतात. म्हणून ई-मेल थेट माझ्या खात्याच्या सर्व्हरकडे सोपवणारा 'एमएसएमटीपी' हा छोटा प्रोग्रॅम मी घेतला आणि त्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट ४६५ लिहिले. आता तो नुसताच थांबून राहू लागला. या पोर्टवर कूटबद्ध संवाद पहिल्या क्षणापासून सुरू व्हावा लागतो, तर माझ्या सेटिंगमध्ये 'स्टार्टटीएलएस' (आधी साधा संवाद, मग कूटबद्ध) चालू असल्यामुळे प्रोग्रॅम आधी सर्व्हरच्या साध्या स्वागतवाक्याची वाट पाहत होता. सर्व्हर प्रोग्रॅमकडून कूटबद्ध संवादाच्या सुरुवातीची, म्हणजे हस्तांदोलनाची, वाट पाहत होता, आणि अशा रीतीने दोघेही सभ्यपणे एकमेकांसाठी ताटकळले होते. ते सेटिंग बंद करताच संवाद पुढे सरकला. पोर्ट ५८७ घेतले असते, तर तेच सेटिंग चालू ठेवावे लागले असते.

त्यानंतर ५३५ हा संकेतांक आला, म्हणजे ओळख नाकारली गेली. खात्याला द्विस्तरीय पडताळणी असल्याने नेहमीचा पासवर्ड चालत नव्हता. अॅपसाठीचा वेगळा पासवर्ड तयार केल्यावर हे निस्तरले.

हाताने पाठवलेली ई-मेल पोहोचली, रात्रीची मात्र नाही. ठरल्या वेळी कामे चालवणारा 'क्रॉन' ती स्क्रिप्ट 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवत होता आणि सेटिंगची फाइल माझ्या होम फोल्डरमध्ये होती! मी तिची प्रत रूटच्या होममध्ये ठेवली, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) केली, कारण पासवर्ड असलेली ही फाइल इतरांना वाचता येत असेल तर एमएसएमटीपी ती नाकारतो, आणि प्रत्येक पाठवणीची नोंद नोंदवहीत (लॉग) व्हावी यासाठीची ओळही जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवहीत २५० हा, म्हणजे सर्व्हरने ई-मेल स्वीकारल्याचा, संकेतांक होता आणि इनबॉक्समध्ये रात्रीचा अहवाल.