पेशींना रविवार नसतो

भोसरीत आमच्या शेडशेजारी लेथचं वर्कशॉप आहे. तिथले काका सुरुवातीला रोज विचारायचे, "मशीनचा आवाज नाही, माल दिसत नाही, तुम्ही बनवता काय?" मी त्यांना आत नेऊन काचेचं तीन लिटरचं भांडं दाखवलं. आत गुलाबीसर पाणी, मंद फिरणारं पातं, 37 अंश तापमान. त्या पाण्यात कोट्यवधी जिवंत पेशी होत्या आणि त्या औषधाचं प्रोटीन तयार करत होत्या. काका बराच वेळ काचेला डोळा लावून उभे राहिले.

नोकरी सोडून मी आणि बायकोने हे काम सुरू केलं त्याचं कारण साधं होतं. मोठ्या कंपन्यांकडे हजारो लिटरचे बायोरिअॅक्टर, म्हणजे पेशी वाढवायची भांडी, असतात, पण ज्याला चाचणीपुरतं दोन-चार ग्रॅम प्रोटीन हवंय, त्या संशोधकाला दारात उभं कोण करणार? ते काम आम्ही धरलं.

आमची सगळी भिस्त सीएचओ (चायनीज हॅमस्टर ओव्हरी) पेशींवर, बोलताना आम्ही 'चो' म्हणतो. 1957 मध्ये अमेरिकेत थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातून मिळवलेल्या पेशींचा हा वंश. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या औषधाला 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तेही चो पेशींतच बनलेलं. बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतात, चोला जवळपास अख्खा दिवस लागतो. पण अँटिबॉडीसारख्या औषधी प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या माणसाच्या शरीराला चालतील अशा चढवायच्या, तर ते बॅक्टेरियाला जमत नाही. म्हणून हा संथ कारभार.

दुसऱ्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो. पेशी मरत नव्हत्या, फक्त सुस्तावल्या होत्या. माध्यम, म्हणजे ते गुलाबीसर पाणी, स्वच्छ, मायक्रोस्कोपखाली काही नाही. शेवटी पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, केली आणि मायकोप्लाझ्मा निघाला. हा जंतू इतका बारीक की नेहमीच्या 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. बाहेरून आलेली पेशींची एक व्हायल (छोटी कुपी) आम्ही न तपासता थेट आमच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटात, ठेवली होती, चूक आमचीच. सगळ्या पेशी ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत मारून, टाकल्या, सहा आठवडे काम बंद, आगाऊ घेतलेले पैसे परत केले. बायकोने त्या महिन्यात बांगड्या मोडल्या. तेव्हापासून नवी व्हायल वेगळ्या खोलीत, वेगळ्या कोटातल्या माणसाच्याच हाती.

पन्नास लिटरवर गेलो तेव्हा निराळीच अडचण. ऑक्सिजन छान विरघळावा म्हणून अगदी बारीक बुडबुड्यांचा स्पार्जर, म्हणजे तळाशी हवा सोडणारी छिद्रांची नळी, लावला. ऑक्सिजन पुरला, पण बारीक बुडबुड्यांमुळे हवा थोडीच सोडावी लागते, त्यामुळे पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघेना. त्याने आम्लता वाढून पीएच घसरायचा, तो सावरायला नियंत्रक यंत्र अल्कली ओतायचं, पाणी खारावत जायचं. आठव्या दिवशी ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून मायक्रोस्कोपखाली मोजणी केली, तर चौकटीत निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशीच जास्त. मोठ्या छिद्रांचा स्पार्जर बसवला आणि पुढची बॅच पूर्ण चौदा दिवस टिकली.

गुरुवारी वीज जाते, म्हणून जनरेटरशेजारी एक मुलगा बसलेला असतो. दिवाळीत पाडव्यालाही फीड, म्हणजे पेशींचं खाद्य, घालायचं असतं, ते आम्ही दोघं घालतो. परवा उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची एक व्हायल काढली, 37 अंशांच्या पाण्यात धरली, बर्फाचा शेवटचा कण विरघळायच्या आत उचलली. मोजणी केली, चौऱ्याण्णव टक्के जिवंत. या वेळी बॅच दोनशे लिटरची आहे.