पॅरिसमध्ये मणके मोजताना

गार द'ऑस्टरलित्झ स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच जार्दां दे प्लांत ही जुनी बाग लागते. तिच्या कडेच्या लांबट इमारतीत तुलनात्मक शरीररचनेचं दालन आहे, १८९८ साली उघडलेलं. आत शिरताच जवळजवळ हजार सांगाडे दाराकडे तोंड करून उभे, मोर्चा निघाल्यासारखे. बहुतेक पर्यटक फोटो काढून थेट वरच्या मजल्यावरचे डायनासोर गाठतात. मी मात्र खालीच रेंगाळले.

इतक्या गर्दीत बघायचं काय, तर मी फक्त कणा आणि बरगड्या बघायचं ठरवलं. सुरुवात जिराफापासून. एवढी थोरली मान, पण मणके सातच, आपल्याइतके! एकेक मणका मात्र वीतभराहून लांब. देवमाशाला मान दिसतच नाही, तरी तिथेही सातच. चपटे, आणि काही जातींत एकमेकांना चिकटून गेलेले. सस्तन प्राण्यांत हा आकडा मोडणारे म्हणजे झाडाला लटकणारा सुस्त स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनाटी, बाकी जवळपास सगळे सातावर ठाम. पक्ष्यांना असलं बंधन नाही. हंसाच्या मानेत वीसच्या वर मणके असतात.

देवमाशापाशी मी सगळ्यात जास्त वेळ काढला. मागचे पाय गेले, त्यामुळे कमरेचं हाड कण्याला जोडलेलंच नाही. मग पाठ कुठे संपली आणि शेपूट कुठे सुरू झाली? मणक्यांच्या खाली लोंबणारी इंग्रजी व्हीच्या आकाराची हाडं दिसू लागली, की तिथून शेपूट. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, देवमासा वर-खाली. घोडा किंवा चित्ता दौडताना पाठ जशी वर-खाली वाकते, त्याच चालीचा कणा घेऊन हा पाण्यात परतलाय. माशाचा कणा कधी तसा नव्हताच.

माशांवरून आठवलं. पाला मासा खाताना जीव नकोसा करणारे ते केसासारखे काटे बरगड्या नव्हेत. माशाच्या मांसात पातळ पडदे असतात, त्यांत तयार झालेली ती वेगळीच हाडं. बरगड्या निराळ्या, त्या पोटाला वेढतात.

गर्दीत एक आपल्याकडचाही आहे. चंद्रनगरच्या फ्रेंच गव्हर्नराने पंधराव्या लुईला धाडलेला भारतीय गेंडा. १७७० साली व्हर्सायच्या राजवाड्यात पोचला, राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ साली मेला. त्याच्या खांद्यावरच्या मणक्यांचे उंच काटे बघा. ते जड डोकं पेलणारे स्नायू आणि बंध तिथेच अडकलेले असतात.

सापाला मानेपासून शेपटीपर्यंत बरगड्याच बरगड्या, पण छातीचं हाड नाही. बरगड्यांची टोकं खाली मोकळीच, म्हणून मोठं भक्ष्य गिळलं तरी अंग फुगू शकतं. बेडकाचं उलट. कणा आखूड, बरगड्या जवळपास नाहीतच. छाती फुगवायची सोय नसल्यामुळे तो घशाने हवा आत ढकलतो. पावसाळ्यात त्याचा गळा सारखा हलताना दिसतो तो त्यासाठी.

आणि कासव! त्याची पाठ म्हणजे रुंदावलेल्या बरगड्या आणि मणकेच. म्हणजे कासव कवचातून बाहेर काढता येईल ही कल्पनाच बाद. त्याहून गंमत म्हणजे आपलं खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर असतं, कासवाचं आत. मी काचेला नाक लावून खात्री करून घेतली, शेजारच्या आजोबांनी जरा संशयाने पाहिलं.

हा संग्रह जॉर्ज क्युव्हिए (१७६९–१८३२) या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने वाढवला. एका हाडावरून प्राण्याच्या बाकी शरीराचा अंदाज बांधता येतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा सहकारी जोफ्रुआ सेंट-हिलेअर तर कीटकालाही कण्याच्या आराखड्यात बसवू पाहत होता: कीटकाचं कडक कवच म्हणजेच त्याचे मणके, तो त्यांच्या आत राहतो, आपण बाहेर! १८३० साली दोघांची फ्रान्सच्या भर विज्ञान अकादमीत जुंपली. त्या वेळी क्युव्हिएची सरशी झाली असं मानतात. मला जोफ्रुआची कल्पना फसलेली असली तरी जास्त आवडते.

शेवटी वर गेलेच. तिथे डिप्लोडोकस या लांब मानेच्या डायनासोरच्या सांगाड्याची साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे, १९०८ पासून. मानेत पंधरा मणके. जिराफाने सातच मणके ताणले. याने मणके वाढवले आणि शिवाय ताणलेही.