सिस्सूच्या कपारीतला ठिसूळ नेचा

पोळा आणि मारबत आटोपून ऑगस्टच्या अखेरीस आम्ही चौघे नागपूरहून हिमाचल प्रदेशातल्या लाहौलला निघालो, ते वीतभर उंचीच्या एका नेच्यासाठी (फर्नसाठी). सिस्टोप्टेरिस फ्रॅजिलिस हे त्याचे शास्त्रीय नाव. लिनियसने 1753 मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हाही नावात 'ठिसूळ' हा शब्द होताच. उत्तर गोलार्धातील थंड, खडकाळ डोंगरांत तो दूरवर पसरलेला आहे.

नागपूर ते दिल्ली रेल्वेने सुमारे 1,100 किलोमीटर, पुढे काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून रात्रीच्या बसने मनाली. 2020 मध्ये खुल्या झालेल्या 9.02 किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड चढावी लागत नाही आणि तिचा परवानाही काढावा लागत नाही. मनालीत मात्र एक पूर्ण दिवस मुक्काम करावा. आम्ही तो टाळला, आणि 310 मीटरवरून आलेल्या आमच्यातील एकाचे डोके लाहौलमधल्या सिस्सू गावाच्या सुमारे 3,100 मीटर उंचीवर असे धरले की पहिला दिवस खोलीतच गेला. दरडींमुळे रस्ता अडू शकतो, म्हणून दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपल्याकडच्या सवयीने उन्हातले खडक तपासत राहिलो. विदर्भात मयूरशिखा हा नेचा जुन्या भिंतींच्या कोरड्या फटींत उगवतो, उन्हाळ्यात आक्रसून जातो आणि पहिल्या पावसात पुन्हा उलगडतो. सिस्टोप्टेरिस त्या जातकुळीचा नव्हे. दुपारी चंद्रा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी, जिथे ऊन पोहोचत नाही आणि खडकातून पाणी झिरपते अशा कपारीत, तो झुपक्याने सापडला: पातळ हिरवी पाने, तळाशी काळपट होत गेलेला देठ. माझ्या पाठपिशवीचा बंद घासला आणि त्यातले एक पान देठातून मोडले. इतक्या दूर येऊन आपल्याच हातून ते व्हावे, याचे मला आजही वाईट वाटते. पिशवी आधी खाली ठेवावी, मगच कपारीजवळ जावे.

ओळख पानाच्या पाठीवरच पटते, त्यामुळे दहा पट भिंग आणि लहानसा हातआरसा न्यावाच. पानाखाली आरसा धरला की पान न उलटता सारे दिसते. बीजाणूंच्या प्रत्येक पुंजावर एका बाजूने चिकटलेले, फुगीर टोपीसारखे पारदर्शक आवरण होते. तिथल्याच खडकांत वाढू शकणारा वुडसिया हा दुसरा नेचा वरवर असाच दिसतो, परंतु त्याचे आवरण पुंजाच्या खालून येते आणि केसांसारख्या तंतूंत फाटलेले असते. अडचण अशी की बीजाणू पिकू लागले की सिस्टोप्टेरिसची टोपी मागे ढकलली जाऊन सुकते. आम्हांला जुन्या पानांवर नुसते तपकिरी ठिपके मिळाले, टोपी दिसली ती झुपक्यातल्या कोवळ्या पानांवर. जुलैत ती अधिक पानांवर दिसेल, पण तेव्हा मनालीकडचा पाऊस जोरात असतो, म्हणून मी तरी ऑगस्टची अखेरच सुचवेन.

नमुना म्हणून झुपका उपटू नये. हिवाळ्यात पाने मरतात आणि बर्फाखाली फटीत उरलेल्या आखूड खोडातूनच पुढच्या वर्षीची पाने येतात. शेजारी मोजपट्टी धरून पानाची वरची बाजू, आरशातली पाठ आणि देठाचा तळ अशी तीन छायाचित्रे घेतली, तर नागपुरात परतल्यावर निवांत बसून ओळख पक्की करता येते.